ठरवून न काढलेले फोटो: रोजच्या जगण्यातले क्षण टिपण्याची रीत

भाजीवालीची सकाळची पहिली विक्री, म्हणजे भवानी, झाली की ती नोट लगेच बटव्यात जात नाही. आधी ती काट्याला टेकवली जाते, मग कपाळाला लागते, डोळे क्षणभर मिटतात आणि ओठ काहीतरी पुटपुटून जातात. गिऱ्हाईक तोवर पाठ वळवून पुढच्या गाळ्यावर गेलेलं असतं. दोन-तीन सेकंदांत सगळं आटोपतं. कुणी फोटो काढायला उभं आहे म्हणून ती हे करत नाही, आणि मुद्दाम करून दाखवा म्हटलं तर तसं पुन्हा जमणारही नाही. पण उद्या सकाळी, त्याच जागी, त्याच उजेडात, हे पुन्हा घडणार आहे.

कॅन्डिड फोटोग्राफीबद्दल, म्हणजे कुणाला उभं न करता काढलेल्या फोटोंबद्दल, मला जे सांगायचं आहे ते एवढ्यात आलं. न ठरवलेलं सौंदर्य अवचित दिसतं खरं, पण बहुतेक वेळा ते माणसांच्या सवयींतून आलेलं असतं. सवयींना वेळ असते, जागा असते. ती वेळ आणि जागा ओळखून आधीच तिथे असणं कुणालाही शिकता येतं. खांबाआड लपून, लांबून झूम ताणून चोरटे फोटो काढणं ही वेगळी गोष्ट, आणि त्यातून चांगलं काही फारसं हाती लागत नाही. खाली सांगितलेली रीत साध्या मोबाइलनेही जमते आणि कॅमेऱ्यानेही.

पहिली पायरी: कॅमेरा बाजूला ठेवून घर बघा

सुरुवात रस्त्यावर करू नका, घरात करा. घरातल्या माणसांना तुमची सवय असते, तुम्हाला त्यांची असते, आणि परवानगीचा प्रश्न बोलून सुटतो.

पहिला आठवडा फक्त बघा आणि वहीत टिपून ठेवा: कोण, कुठे, किती वाजता, उजेड कुठून. सकाळी पावणेसात, ओट्यापाशी, डबे भरताना. दुपारी अडीच, मधल्या खोलीत, आजी खिडकीशी सूप घेऊन तांदूळ निवडताना. संध्याकाळी सहा, गॅलरीत, बाबा चष्मा कपाळावर चढवून पेपर डोळ्यांजवळ धरताना. नोंदी कोरड्या असू द्या. आठवड्याने वही वाचली की लक्षात येतं, ज्या गोष्टी तुम्हाला यादृच्छिक वाटत होत्या त्या रोज त्याच वेळेला, त्याच कोपऱ्यात घडतात. ही वही म्हणजेच तुमचं वेळापत्रक.

आता त्यातली एकच गोष्ट निवडा आणि ती बारकाईने बघा. उदाहरणार्थ, शाळेत जाण्याआधीची वेणी. आईच्या दातांत रबरबँड असतो. एका हातात कंगवा, दुसऱ्या हातात केसांचे तीन पेड. प्रत्येक ओढीबरोबर मुलीचं डोकं थोडं मागे जातं आणि भुवया वर चढतात. भांग पाडताना आई श्वास रोखते, कारण रेघ सरळ यायला हवी. शेवटचा पेड संपला की रबरबँड दातांतून बोटांवर येतो, आणि नेमकी त्याच वेळी मुलगी उठायला बघते. आईचा हात तिच्या खांद्यावर पडतो. वेणीच्या त्या चार-पाच मिनिटांत फोटो एवढेच आहेत: रोखलेला श्वास, दातांतला रबरबँड, खांद्यावर पडलेला हात. तो क्रम तुम्हाला तोंडपाठ झाला की पुढच्या वेळी बोट बटणावर आधीच तयार असतं. बाकीच्या वेळी नुसतं बसून राहा.

पहिले काही दिवस घरचे अवघडतील. ‘अगं, केस बघ माझे कसे झालेत, आत्ता नको’ हे ऐकावं लागेलच. तेव्हा फोन खाली ठेवा. ‘हसा’, ‘इकडे बघा’, ‘परत करा’ हे तीन शब्दप्रयोग घरात बंद करा. फोन हातात दिसत राहिला पण काही मागितलं जात नाही, हे कळलं की माणसं आपल्या कामाला लागतात. काढलेले फोटो त्यांना दाखवा, आणि नको म्हणतील तो त्यांच्यासमोर पुसून टाका. या एका वागण्याने जो विश्वास येतो तो पुढे सगळीकडे उपयोगी पडतो.

दुसरी पायरी: उजेड ओळखा

फोटो चांगला वाटतो तेव्हा दहापैकी सात वेळा कारण उजेड असतो. घरात सर्वांत चांगला उजेड खिडकीचा. माणूस खिडकीला काटकोनात बसलेला असेल तर चेहऱ्याची एक बाजू उजळते, दुसरी हळूहळू सावलीत जाते, आणि सुरकुत्या, केस, हाताच्या शिरा नीट दिसतात. तुम्ही स्वतः खिडकीला पाठ करून उभे राहिलात तर सगळं सपाट दिसेल. त्यामुळे खिडकी तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला राहील अशी जागा घ्या.

दिवसा ट्यूबलाइट किंवा बल्ब बंद करा. खिडकीचा उजेड निळसर, बल्बचा पिवळट; दोन्ही एकत्र आले की चेहऱ्याच्या दोन बाजू दोन रंगांच्या होतात, आणि ते नंतर दुरुस्त करणं कटकटीचं असतं. फ्लॅश तर विसराच. तो उजेड बिघडवतो आणि सगळ्यांना तुमची जाणीवही करून देतो.

ऋतूंचा हिशेब आपल्याकडे फार उपयोगी आहे आणि त्याकडे कुणी लक्ष देत नाही. पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यावर सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, इतका की उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी गोळा होते. त्या उजेडात डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात, नाकाखाली डाग दिसतो. मेमध्ये बाहेर काम करायचं तर सकाळी साडेसहा ते साडेआठ किंवा संध्याकाळी पाचनंतर. दुपारी मंडपाखाली, आंब्याच्या सावलीत, दुकानाच्या पडवीत. डिसेंबरात उलट: पुण्यात दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून पन्नास अंशांच्या आतच राहतो, म्हणून दक्षिणेकडच्या खिडकीतून ऊन घरात खोलवर येतं आणि जवळजवळ दिवसभर तिरकं पडतं. जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांनी तर हे दिवस सोडूच नयेत. चौकातलं ऊन एका भिंतीवरून सरकत दुसऱ्या भिंतीवर जातं, आणि त्या पट्ट्यातून कुणी पाण्याची बादली घेऊन गेलं तरी बघत राहावंसं वाटतं.

पावसाळ्याचं माझं मत ठाम आहे: नवशिक्यासाठी याहून चांगला काळ नाही. ढगांमुळे उजेड मऊ असतो, दुपारी बारालाही चेहरे सुंदर दिसतात. ओल्या डांबरावर दुकानांचे दिवे उतरतात, एसटीच्या काचांवर वाफ धरते आणि आतलं मूल बोटाने त्यावर काहीतरी काढत असतं. माणसं आडोशाला एकत्र येतात आणि पाऊस थांबेपर्यंत जागची हलत नाहीत. फोनला पातळ प्लास्टिकची पिशवी, वर छत्री, खिशात कोरडा सुती रुमाल, एवढी तयारी पुरते.

तिसरी पायरी: यंत्राकडे लक्ष द्यावं लागू नये

क्षण आला तेव्हा तुम्ही सेटिंग शोधत असाल तर तो गेला. म्हणून हे सगळं घरी करून ठेवायचं.

मोबाइलसाठी पहिलं काम म्हणजे लेन्स पुसणं. खिशातल्या, पर्समधल्या फोनच्या लेन्सवर बोटांचं तेल बसलेलं असतं आणि फोटो धुकट येतात, महागड्या फोनचेही. पुसायला धुतलेल्या मऊ सुती कापडाचा तुकडा पुरतो. दुसरं, कॅमेरा झटकन उघडायची सोय करा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचं बटण दोनदा दाबलं की कॅमेरा उघडतो, नसेल तर सेटिंगमध्ये ते चालू करता येतं. आवाजाचं बटण शटर म्हणून वापरायची सवय लावा, म्हणजे पडद्यावर बोट शोधत बसावं लागत नाही. पडद्यावर हव्या त्या जागी बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथेच कायम राहतो. मग बोट खाली ओढून उजेड जरा कमी करा. फोन आपणहून फोटो गरजेपेक्षा उजळ काढतात, त्यामुळे खिडकीचं ऊन पांढरं होऊन जातं. ते एकदा पांढरं झालं की नंतर परत मिळत नाही. झूम करू नका, दोन पावलं पुढे जा.

संध्याकाळनंतर फोन एका फोटोसाठी अनेक फ्रेम एकत्र जोडतो. त्यामुळे स्थिर वस्तू छान येतात, पण हलणारे हात पुसट होतात. अशा वेळी हालचाल थांबण्याचा क्षण शोधा: पाणीपुरीवाल्याचा हात मटक्यात बुडून वर यायच्या आधीची थांबलेली घडी, बासरीवाल्याने श्वास घेतलेला क्षण.

कॅमेरा असेल तर २८ किंवा ३५ मिमीची एकच लेन्स लावा आणि झूमची पिशवी घरी ठेवा. शटर, म्हणजे फोटो घेताना पडदा किती वेळ उघडा राहतो ते, चालणाऱ्या माणसांसाठी १/२५० सेकंद, धावणाऱ्या मुलांसाठी १/५००, उधळलेल्या अक्षता किंवा उडणारं पाणी गोठवायचं असेल तर १/१०००. आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची कॅमेऱ्याची संवेदनशीलता, ऑटोवर ठेवून कमाल मर्यादा ३२०० किंवा ६४०० करा. फोटोत थोडे दाणे आले तर बिघडत नाही, हललेला चेहरा मात्र कामाचा नसतो.

भर उजेडात एक जुनी युक्ती वापरून बघा. फुल फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमी लेन्स, अॅपर्चर (लेन्समधल्या छिद्राचं माप) एफ/८, फोकस हाताने अडीच मीटरवर लावून ठेवा. साधारण पावणेदोन मीटरपासून जवळजवळ पाच मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. २८ मिमी लेन्सवर तोच पट्टा सुमारे दीड ते दहा मीटर होतो. आता फोकसची वाट बघायची गरज नाही. माणूस त्या अंतरात आला की बटण दाबायचं. अडीच मीटर म्हणजे किती, हे घरातल्या भिंतीवर मोजून डोळ्यांत बसवा. कॅमेऱ्याचा बीप आणि फोकसचा लाल दिवा बंद करायला विसरू नका.

कॅमेरा डोळ्याला लावलाच पाहिजे असं नाही. शिकागोत दाई म्हणून काम करणाऱ्या व्हिव्हियन मायर या बाईंनी रस्त्यावरच्या माणसांचे लाखाहून अधिक फोटो काढले, आणि २००७ मध्ये त्यांचं सामान लिलावात गेलं तेव्हा ते जगापुढे यायला लागले. त्या बराच काळ रोलायफ्लेक्स वापरत. त्या कॅमेऱ्यात वरून, छातीशी धरून, खाली मान घालून बघायचं असतं. समोरच्याच्या चेहऱ्यावर यंत्र रोखलं जात नाही, आणि फोटो किंचित खालून येत असल्याने साधा माणूसही भारदस्त दिसतो. आजच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचा पडदा वर वळतो; फोनही छातीच्या उंचीवर धरता येतो. मुलांच्या बाबतीत तर गुडघ्यावर बसाच. वरून काढलेल्या मुलांच्या फोटोत फक्त भांग दिसतो.

चौथी पायरी: जागा निवडा आणि तिथेच थांबा

बाहेर पडल्यावर बहुतेक जण चालत राहतात आणि जे दिसेल त्याच्या मागे धावतात. त्याने शंभर फोटो होतात आणि त्यातल्या प्रत्येकात मागे विजेचा खांब, अर्धी रिक्षा आणि फ्लेक्सवरचा कुणाचा तरी हात असतो. हे उलट करा. आधी मागची बाजू शोधा, मग तिच्यासमोर माणूस यायची वाट बघा.

फ्रान्समधल्या इएर गावात फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९३२ मध्ये काढलेलं एक छायाचित्र या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. वरून दिसणारा वळणदार जिना, त्याचे लोखंडी कठडे, आणि खालच्या रस्त्यावरून जाणारा धूसर सायकलस्वार. जिना, कठडे, रस्त्याचं वळण हे सगळं सकाळ-संध्याकाळ तिथेच होतं. क्षणाचा होता तो फक्त सायकलस्वार. पुढे आपल्या लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग ते काळ्या पट्टीने झाकत, आणि बहुतेक काम ५० मिमीच्या एकाच लेन्सवर करत.

आपल्याकडे अशा जागा पावलोपावली आहेत. पुण्याची महात्मा फुले मंडई घ्या. १८८६ मध्ये उभी राहिलेली ही दगडी इमारत मधल्या अष्टकोनी भागाभोवती पसरलेली आहे. सकाळी उन्हाच्या तिरप्या पट्ट्या आत येतात आणि गाळ्यांच्या उंच ओट्यांवर भाजीच्या ढिगांमागे माणसं बसलेली असतात. ओटे उंच असल्याने विकणाऱ्याचा चेहरा उभ्या गिऱ्हाइकाच्या बरोबरीला किंवा वर येतो, त्यामुळे तुम्हाला वाकावं लागत नाही. एक पट्टी निवडा, जिथे ऊन एखाद्या काट्यावर किंवा पालेभाजीवर पडलंय, आणि पंधरा-वीस मिनिटं तिथून हलू नका. भाजी घ्या, भाव विचारा. पहिली पाच मिनिटं सगळे तुमच्याकडे बघतील, नंतर कामाची गडबड तुमच्यावरून पुढे निघून जाईल. मेथीवर पाण्याचा हबका मारला जाईल आणि ते थेंब उन्हात उजळतील. हा हबका दर काही मिनिटांनी पडतो. पहिला नुसता बघा, दुसऱ्याला तयारी करा, तिसऱ्याला फोटो काढा.

तालुक्याच्या एसटी स्टँडवर पहाटेची पहिली गाडी आणि दुपारची शाळा सुटल्यानंतरची गाडी या दोन वेळा बघाव्यात. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा हात, टपावर चढवली जाणारी टोपली, कंडक्टरच्या डबल बेलआधी दारात झालेली खेचाखेच. गावात असाल तर पिठाची गिरणी, न्हाव्याचं दुकान, पाराखालचा कट्टा, बैल धुतले जातात तो नदीचा काठ. शहरात सोसायटीचा जिना, इस्त्रीवाल्याची गाडी, चहाची टपरी. दादरच्या फुलबाजारात पहाटे जा, पण गर्दीच्या मुख्य वाटेवर उभं राहून हमालांना अडवू नका; डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला थांबता येत नाही.

थांबलेल्या वेळेत चौकटीच्या चारही कडा तपासा. नवशिक्याची नजर मधोमध असते आणि बिघाड कडांना होतो: कापलेले पाय, डोक्यातून उगवलेला खांब, कोपऱ्यातली भडक पिशवी. अर्धं पाऊल डावीकडे सरकलं की यातलं बरंचसं निघून जातं.

पाचवी पायरी: क्षणाच्या आधी आणि नंतर

प्रत्येक कामाला चढ आणि उतार असतो. टपरीवाला चहा ओततो तेव्हा हात वर जातो, धार लांबते, आणि सर्वांत उंचीवर क्षणभर थांबते. धोबी कपडा डोक्यावरून फिरवतो तेव्हा पाण्याचं चक्र पूर्ण होतं ते कपडा आपटण्याच्या जरा आधी. मूल उडी मारतं तेव्हा सर्वांत वरच्या बिंदूवर हालचाल जवळजवळ थांबते. बटण दाबायचं ते या टोकाच्या थोडं आधी, कारण तुमच्या बोटाला आणि यंत्राला दोघांनाही थोडा वेळ लागतो. सलग फोटो काढायची सोय वापरा, पण तीन-चार फ्रेमपुरती. तीस-तीस काढायला लागलात की बघणं थांबतं आणि रात्री निवडताना हाल होतात.

याहून महत्त्वाचं म्हणजे कॅमेरा लगेच खाली घेऊ नका. मुख्य गोष्ट संपली असं वाटल्यावर माणसं सैल पडतात, आणि चेहरे तेव्हाच उघडे होतात. लग्नघरात हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. मंगलाष्टकं चालू असताना सगळे कॅमेरे बोहल्याकडे असतात. तुम्ही वळून वऱ्हाडाकडे बघा. मुठीत अक्षता धरून वाट बघणारी मुलं, ‘सावधान’ ऐकताच आधीच टाकून मोकळा झालेला एखादा काका, मागच्या खुर्चीत पदराचं टोक डोळ्याला लावणारी मावशी. पंगत उठल्यावर वाढप्यांची स्वतःची पंगत बसते, ती बघा. पाठवणीनंतर रिकाम्या झालेल्या हॉलमध्ये वधूचे वडील हिशेबाची वही उघडून बसतात आणि एकाच पानाकडे बराच वेळ बघत राहतात. व्यावसायिक फोटोग्राफर तोवर सामान आवरत असतो.

सहावी पायरी: माणसांशी कसं वागायचं

ही पायरी मी सहावी लिहिली असली तरी मनात पहिली असू द्या.

उघडपणे वावरा. कॅमेरा लपवलेला माणूस लगेच ओळखू येतो आणि लोकांना तो चोर वाटतो. गळ्यात कॅमेरा घालून शांत उभ्या असलेल्या माणसाची कुणाला भीती वाटत नाही. नजरानजर झाली तर मान हलवा, हसा. फोटो निघाल्यावर पुढे होऊन सांगा, ‘मावशी, तुमचा फोटो काढलाय, बघता का?’ वयस्कर माणसाला ‘काका’, ‘आजोबा’, तरुणाला ‘दादा’. बहुतेक जण बघतात, हसतात, शेजारच्याला बोलावून दाखवतात. नको म्हणाले तर तिथल्या तिथे फोटो पुसून टाका, वाद घालू नका. आधीच विचारलं तर क्षण मोडतो हे खरं आहे, पण नंतरही न सांगता निघून जाणं मला पटत नाही.

काही फोटो काढायचेच नाहीत. रस्त्यावर झोपलेला माणूस, दवाखान्याबाहेर रडणारं कुटुंब, नशेत पडलेला कुणी. वारीत हे विशेष सांभाळा. पालखीच्या वाटेवर लाखो माणसं उघड्यावर राहतात, नदीवर अंघोळ करतात. अंघोळ करणाऱ्या बायका तिथे नाइलाजाने उघड्यावर असतात, तुमच्यासाठी नाही. फुगडी, रिंगण, भाकरी थापणारे हात, तंबूच्या दोरीवर वाळणारी लुगडी, टिपण्यासारखं तिथे अपार आहे.

कायद्याची बाजूही माहीत असावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं स्पष्ट केलं. स्त्रीचं खासगी कृती करतानाचं चित्रण तिच्या संमतीविना करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. लष्करी ठिकाणं, विमानतळ, मेट्रो, न्यायालयं, काही देवळं इथे फलक वाचा आणि पाळा. अनोळखी मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय काढू नका, आणि काढलेत तर शाळेचं नाव, गणवेशावरचा बिल्ला, घराचा पत्ता ओळखू येईल अशा रूपात समाजमाध्यमांवर टाकू नका.

होमाय व्यारावाला यांचं काम या संदर्भात आवर्जून बघा. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. १९१३ मध्ये नवसारीला जन्म, मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण, २०११ मध्ये पद्मविभूषण. कबुतर सोडणाऱ्या नेहरूंचं त्यांचं छायाचित्र सगळ्यांना माहीत आहे. पण त्याआधीची, मुंबईतली, त्यांच्या कॉलेजमधल्या मैत्रिणींची छायाचित्रं जास्त शिकवतात. त्यात मुली बघणाऱ्याची पर्वा न करता आपल्यात रमलेल्या आहेत, कारण कॅमेरा त्यांच्यातल्याच एकीच्या हातात आहे.

सातवी पायरी: निवड

फोटो त्याच रात्री निवडू नका. त्या दिवशीचा आनंद, धावपळ, उन्हात उभं राहण्याचा त्रास हे सगळं फोटोला चिकटलेलं असतं. आठवडाभराने बघा. पहिल्या फेरीत फक्त हललेले आणि निरुपयोगी काढून टाका. दुसऱ्या फेरीत एकेका प्रसंगाचे फोटो शेजारी ठेवून एकच राखा. इथे हात थरथरतो, पण दोन सारखे फोटो ठेवले की दोन्ही कमजोर होतात. तिसऱ्या फेरीला घरातलं दुसरं कुणीतरी शेजारी बसवा, जे त्या वेळी तिथे नव्हतं. त्यांची नजर कुठे थांबते ते पाहा, कारणं विचारू नका.

संपादन कमीत कमी. उजेड थोडा वर-खाली, कड थोडी कापलेली, क्षितिज सरळ. त्वचा गुळगुळीत करणारं फिल्टर वापरलं की आजीच्या हातावरचं सगळं आयुष्य पुसलं जातं. नको असलेला माणूस किंवा वस्तू कृत्रिम बुद्धिमत्तेने पुसून टाकायची सोय आता फोनमध्येच आली आहे. अशा फोटोंसाठी ती वापरू नये असं माझं ठाम मत आहे, कारण ‘हे असंच घडलं’ हीच या फोटोची किंमत आहे. रंग गोंधळ घालत असतील तर कृष्णधवल करून बघा. रंग हाच विषय असेल, हळद, गुलाल, झेंडूचे ढीग, तर अजिबात नको.

आठवी पायरी: कागदावर आणा आणि पोचवा

ज्यांचे फोटो काढले त्यांना प्रिंट द्या. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो गुड मॉर्निंगच्या गर्दीत हरवतो. कागदावरचा गल्ल्याच्या वरच्या फळीला, गणपतीच्या फोटोशेजारी चिकटवला जातो. पुढच्या वेळी तुम्ही त्या गाळ्यासमोर उभे राहिलात की तुमच्याकडे बघून कुणी सावध होत नाही, उलट ‘या, बसा’ म्हणत गोणपाट झटकलं जातं. रोजच्या क्षणांपर्यंत पोचायचा याहून सरळ रस्ता मला माहीत नाही.

प्रिंट करताना तीन गोष्टी बघा. लॅबला फोटो व्हॉट्सअॅपवर साधा पाठवू नका, तो दाबून लहान केला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर न्या. चार बाय सहा इंचासाठी १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात, त्यामुळे जुन्या फोनचे फोटोही छान येतात. आणि मोबाइलचा फोटो बहुधा ४:३ प्रमाणात असतो, चार बाय सहाचा कागद ३:२ असतो. म्हणून आडव्या फोटोचा वर-खाली मिळून नववा हिस्सा कापला जातो. काठाला चिकटून डोकं असेल तर लॅबवाल्याला ‘कापू नका, पांढरी पट्टी सोडा’ असं आधीच सांगा.

आपल्यासाठीही एक प्रत काढा. मागच्या बाजूला नाव, गाव, तारीख आणि काय चाललं होतं ते एका ओळीत लिहा. लॅबच्या चकचकीत कागदावर पेन्सिल नीट उमटत नाही आणि बॉलपेन जोरात दाबलं तर पुढच्या बाजूला वळ उठतात, म्हणून बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर घ्या, कडेला लिहा, आणि शाई पूर्ण वाळल्याशिवाय फोटो एकावर एक ठेवू नका.